आधी थोरलीचं होऊ दे

रविवारी अकराला थोरलीला बघायला मंडळी यायची होती, म्हणून दहालाच आईने धाकटीला मागच्या खोलीत नेलं. पाण्याचा तांब्या, बिस्किटं, जुन्या बटणांचा डबा समोर ठेवला. ही सहावी खेप. धाकटी रडली नाही.

धाकटी सात वर्षांची. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती तीन वर्षांची असताना कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "यंत्र लावा, शिकवायला लागा. एक दिवसही दवडू नका." बाबांनी मान डोलावली आणि घरी येऊन म्हणाले, "आधी थोरलीचं होऊ दे. घरात बहिरी मुलगी आहे कळलं, तर कोण उंबरा चढेल?" पण थोरलीचंही काही जमेना. कुणाला तिची नोकरी खटकली, कुणाला उंची. चार वर्षं अशीच सरली.

थोरली लाँड्रीत इस्त्री करायची. पहिल्या दोन खेपांना धाकटीला कोंडण्यावरून ती आईशी कडाकडा भांडली होती. आताशा तिला काही वाटेनासं झालं होतं. दाढ काढण्याआधी हिरडी बधिर करतात, तशी ती सगळीच बधिर झाली होती. त्या दिवशी तिने मागच्या खोलीतच स्वतःचे कपडे इस्त्री केले. आईची हाक आली तशी ती घाईघाईत बाहेर आली. आईने बाहेरून कडी घातली. इस्त्री आत तापतच राहिली.

चहा झाला. मुलाच्या आईने विचारलं, "भावंडं किती?"

"एकुलती एक हो," बाबा म्हणाले.

तेवढ्यात मागून किंकाळी आली. घोगरी, लांबलचक, शब्द नसलेली.

"शेजारचं पोर," बाबा हसले. "भारी हट्टी आहे."

थोरलीला सगळं कळलं होतं. तरी ती बसून राहिली. मुलाच्या वडिलांनी कामाची वेळ विचारली, तेव्हा "नऊ ते सहा" असं तिने सांगितलंसुद्धा. पुढे कित्येक दिवस तिला आठवत राहिलं ते हेच, की आपण उत्तर दिलं.

दुसऱ्या किंकाळीला ती उठली.

धाकटीचा उजवा तळवा भाजून निघाला होता. थोरलीने इस्त्री बंद केली, तांब्यातलं पाणी हातावर ओतलं आणि तिला तशीच उचलून बाहेर आणलं.

"ही माझी सख्खी बहीण. हिला ऐकू येत नाही."

"अगं, आत जा!" बाबा ओरडले.

मुलाची आई पर्स उचलून उभी राहिली. "ऐकू येत नाही त्याचं काही नव्हतं हो," ती म्हणाली. "पण पोटच्या पोरीला शेजारची म्हणालात."

ती खरं बोलत होती की निघायला निमित्त शोधत होती, ते कुणालाच कळलं नाही. मंडळी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली धाकटीच्या पायात चपला घालत होती. बाबा दारात आले.

"जरा थांब. हात बरा होऊ दे. आणखी एक स्थळ सांगून आलंय, तेवढं होऊ दे."

"मी सुट्टी टाकलीय, बाबा. आजच हिला शाळेत नेणार."

"आणि तुझं काय?"

"होईल तेव्हा होईल."

बहिऱ्या मुलांच्या शाळेतल्या बाईंनी धाकटीला तपासलं, डॉक्टरांचे जुने कागद वाचले.

"चार वर्षांपूर्वी आणलं असतं तर बोलायला लागली असती. आता ते फार कठीण. आधी का नाही आणलंत?"

"घरात माझं लग्न व्हायचं होतं."

"झालं?"

"नाही."

बाईंनी कागद मिटले. मग धाकटीच्या हातावरच्या पट्टीकडे बघत म्हणाल्या, "खुणांची भाषा शिकेल ही. पण ती हातांनीच बोलायची. हात बरा झाला की घेऊन या, महिन्याभराने."

"डावा हात धड आहे ना?" थोरली म्हणाली. "तेवढ्यावर आज सुरू करा."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि धाकटीला पाण्याची खूण दाखवली. मग झोपेची. धाकटीने डाव्या हाताने, वेडीवाकडी, पण केली. थोरलीला वाटलं, आता रडू यायला हवं. आलं नाही.

"दुखतंय, हे कसं सांगायचं?" तिने विचारलं.

बाईंनी दाखवलं. धाकटीने एकदा बघितलं. मग थोरलीकडे वळून तिने तीच खूण केली. परत केली. परत केली.