चौथा कोपरा

कस्तुरीने पुठ्ठ्याचा घुमट चौकोनी खोलीवर ठेवला आणि हळूच हात काढला. घुमट क्षणभर भिंतींवर टेकला, मग एका कोपऱ्याकडे कलून आत पडला.

"डोम परत पडला, बाबा. उद्या युनिव्हर्सिटीत मॉडेल सबमिट करायचंय."

शशिधर गार झालेला चहा धरून बघत होता. फेब्रुवारीत त्याची बायको अरुणा गेली. शशिधर डॉक्टरांनी स्वतःला छान सावरलंय, असं कार्डिफची मराठी मंडळी कौतुकाने म्हणत. कसलं सावरणं! त्याला काही वाटतच नव्हतं, आणि त्याचीच भीती वाटत होती. तिने आणलेला शेवटचा शर्ट अजून टाचण्यांसकट पाकिटात होता. उघडला आणि तरीही रडू आलं नाही तर?

"आईचं गणपतीचं मखर बघ," तो म्हणाला. "चौकोनावरच घुमट आहे. कधी पडला नाही."

दोघांनी मखर कपाटावरून उतरवलं. अरुणा हौशी बाई. गणपती बोळवले की लगेच पुढच्या वर्षाच्या डागडुजीला लागायची. कस्तुरीने सॅटिन उचलून आत टॉर्च मारला. चारही कोपऱ्यांत पुठ्ठ्याच्या तिरक्या पट्ट्या होत्या. त्यांनी चौकोनाचा अष्टकोन झाला होता, आणि त्यावर घुमट निवांत बसला होता.

"हे तर स्क्विंच आहे! जुन्या पर्शियन बिल्डिंग्जमध्ये असतं. आईला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. माझ्या नव्या शर्टांतले पुठ्ठे काढून घ्यायची."

"तीन पिवळे झालेत. हा चौथा एकदम नवीन आहे."

पण कस्तुरीकडचा पुठ्ठा संपला होता, आणि रविवारी चारनंतर इथली दुकानं बंद. मखराला हात लावायचं तिच्या तोंडून निघेना.

"थांब," शशिधर म्हणाला. "एक शर्ट आहे."

वर जाऊन त्याने पाकीट उघडलं. एकेक टाचणी काढली, घडी उलगडली. कॉलर लुळी पडली. आत पुठ्ठा नव्हताच. अरुणाने तो आधीच काढून शर्ट पुन्हा होता तसा टाचून ठेवला होता.

मग तोच शर्ट अंगात घालून तो खाली आला.

"मिळाला पुठ्ठा?"

"तो आईनं..."

त्याने मखराच्या चौथ्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं, आणि मग त्याला रडू आलं.