शेजारचा फोन

फोनवर घातलेला क्रोशाचा रुमाल खाली फरशीवर पडला होता आणि तो उचलावा की नाही, एवढंसुद्धा आनंदीबाईंना ठरवता येत नव्हतं. रिसीव्हर त्यांनी जागेवर ठेवला होता. पलीकडच्या माणसाने विचारलं होतं, "शंभूच्या घरचेच बोलताय ना?" आणि त्या सवयीने म्हणाल्या होत्या— "हो, बोला."

हो कशाला म्हणाले मी? शेजारची आहे म्हटलं असतं, तर तो थांबला असता, आईंना बोलवा म्हणाला असता... पण खालच्या मजल्यावरच्या मुक्ताबाईंकडे फोन नाही, म्हणून त्यांचा मुलगा शंभू फौजेत लागला तेव्हापासून सगळीकडे हाच नंबर दिलेला. त्याच्यासाठी आलेल्या प्रत्येक फोनला त्या 'हो, बोला'च म्हणत आल्या होत्या. मग त्या माणसाने आवाज खाली घेतला आणि सांगून टाकलं. कारगिलच्या डोंगरात, काल पहाटे, शंभू गेला. आमची माणसं संध्याकाळपर्यंत येतील, म्हणाला. तोवर आईंना सांभाळा. त्याच्या लेखी घरी कळवून झालं होतं.

बिबवेवाडीच्या या इमारतीत आनंदीबाईंच्या दम्याची चौकशी करणारा शंभू एकटाच. आई जिना चढून येईपर्यंत यांच्याशी बोलून घ्यायचा— "बाई, पंप वेळेवर घेता ना?" एसटीडीचा मीटर पळत असताना... त्यांचा स्वतःचा सौमित्र अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडताना जगातले कॉम्प्युटर बंद पडू नयेत म्हणून राबत होता, त्यात आईला विचारायला सवड कुठली. खरं सांगायचं तर घंटी वाजली की त्या शंभूचीच वाट पाहायच्या. आता त्याच्या आईच्या आधी आपण कसं रडायचं?

श्वास कोंडला म्हणून त्या गॅलरीत आल्या— आणि चूक ध्यानात आली. एरवी त्या गॅलरीतून वाकायच्या ते फक्त शंभूचा फोन आल्याची हाक मारायला. खाली अंगणात शेंगा निवडत बसलेल्या मुक्ताबाईंनी वर पाहिलं, सूप बाजूला सारलं.

"आले बाई. त्याला म्हणावं, ठेवू नको."

आल्या त्या धापा टाकतच. रिसीव्हर जागेवर बघून ओशाळल्यासारख्या हसल्या.

"कट झाला व्हय?"

आनंदीबाईंनी वाकून फरशीवरचा रुमाल उचलला.

"असू द्या. लाइन मिळाली की करंल परत." मुक्ताबाईंनी फोनजवळच बसकण मारली. "बसते मी हितंच. तुमची अडचण नाय ना?"

"नाही," आनंदीबाई म्हणाल्या आणि शेजारी टेकल्या. सांगायलाच हवं होतं, आत्ता, या क्षणी... पण या घरात आपल्याजवळ असं कुणी निवांत बसून किती काळ लोटला होता, आणि तोंड उघडलं की हेही संपणार होतं. स्वतःची लाज वाटली, तरी त्या गप्प राहिल्या. मुक्ताबाई पदराने कपाळ पुसत फोनकडे पाहत होत्या. आणि हळूहळू आनंदीबाईंना जाणवलं, की सगळं ठाऊक असूनही आपणही कान तिकडेच लावून बसलो आहोत— वाजला तर नेहमीसारखा आधी मीच उचलेन.