आजीचा जुना फोन

टण्णकन डब्याचं झाकण पडलं आणि घराची शांतता मोडली. चिमीला खाऊ सापडला होता. तिच्या आईने मात्र लॅपटॉपवरून मान वर केली नाही. जुन्या फोनांवर कंपनीचं व्हिडिओ कॉलचं अ‍ॅप बंद करायचं काम आज तिच्याच गळ्यात पडलं होतं. "इतकी वर्षं सांभाळले, पुष्कळ झालं," साहेब म्हणाले होते. त्या फोनांत परगावी राहणाऱ्या सासूबाईंचाही होता. सकाळीच तिने त्यांना नवा घ्यायचं सुचवून पाहिलं होतं.

"अगं, याच्याशी आत्ता कुठे सूत जुळलंय," त्या म्हणाल्या, "आणि तू काडीमोड घ्यायला सांगतेस."

ते आठवून हसू दाबत तिने बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात सकाळचं सगळं बोलणं ऐकलेली चिमी मांडीवर चढली.

"आई, उद्या आपण फोनमध्ये दिसलो नाही, तर आजीला काय वाटेल? फोन बिघडला, की आपण रुसलो?"