माझ्या हातावरचा काळा डाग

मी एक जुनी सलूनमधली खुर्ची आहे. जुनी म्हटलं म्हणून लगेच मला भंगारात काढू नका. माझा पाय ओतीव लोखंडाचा आहे, डोकं टेकायची माझी उशी वरखाली होते आणि खालचा दांडा दाबला की मी अजूनही गिरकी घेते. नगरहून मिरजगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात लालमहंमदचाचांचं सलून आहे. तिथे मी राहते. आमच्याकडे सरपंच आले, तलाठी आले, एकदा प्रचाराला आलेले आमदारसुद्धा दाढीला बसून गेले. सगळ्यांनी माझ्यावर बसून मान खाली घातली आहे, मित्रांनो. ग्रामपंचायतीतल्या खुर्चीला विचारा, तिच्या नशिबात असलं काही आहे का!

माझा जन्म नगरच्या एका शेडमध्ये झाला. चाचा तेव्हा तरुण होते. टेम्पोतून गावाकडे येताना ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसलेच नाहीत, मला ओरखडा पडू नये म्हणून मागे मला धरून उभे राहिले. पुढे गावातल्या कितीतरी पोरांचे पहिले केस माझ्यावर कापले गेले. लहान मूल आलं की चाचा माझ्या दोन्ही हातांवर आडवी फळी टाकतात आणि त्याला वर बसवतात. वस्तीवरची रंगुबाई आपल्या नातवाला आणायची. कात्री पाहून तो भोकाड पसरायचा, मग ती त्याच्या तोंडात गुळाचा खडा घालायची आणि एक खडा चाचांनाही द्यायची. ती आली की मला फार बरं वाटायचं.

माझ्या डाव्या हातावर एक काळा डाग आहे. चाचा त्यावर नेहमी टॉवेल टाकून ठेवत. गावात हे गुपित तिघांनाच ठाऊक होतं: चाचांना, योसेफ सरांना आणि मला.

योसेफ सर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचं घर आमच्या सलूनच्या बरोबर समोर. बायको देवाघरी गेलेली, मुलगी शॅरन पुण्याला नोकरीला, त्यामुळे सर एकटेच राहत. पेपरातली कोडी ते चहा निवायच्या आत सोडवत. पण गावाला कौतुक होतं ते त्यांच्या मिशांचं. सत्तरीतही काळ्याभोर! रोज सकाळी कच्च्या लसणाची पाकळी खातो, असं सर सगळ्यांना सांगत. निम्मं गाव त्यांच्या नादाने लसूण खाऊ लागलं होतं.

खरं सांगू? तो सगळा कलप होता. सोमवारी सकाळी गाव टेम्पोत बसून बाजाराला निघालं की सर मागच्या दाराने सलूनमध्ये येत. चाचा शटर बंदच ठेवून आतला दिवा लावत आणि त्यांच्या मिशांना कलप लावत. मग दोघं मित्र गप्पा मारत बसत आणि बाजारची माणसं परतायच्या आत सर घरी जात. आता यात चाचांची पंचाईत अशी, की सोमवारी सलून उघडायचं नाही हा सलूनवाल्यांच्या संघटनेचा नियम. आणि संघटनेचे तालुकाध्यक्ष कोण? आमचे लालमहंमदचाचाच! सोमवारी दुकान उघडणाऱ्या कितीतरी जणांना त्यांनी भर बैठकीत खाली बघायला लावलं होतं.

अशात आसपासच्या शिवारात खून होऊ लागले. वस्तीवर एकट्या असलेल्या म्हाताऱ्या बायकांना कुणीतरी मारत होतं, आणि प्रत्येक वेळी सोमवारी. मारणारा सापडत नव्हता. मग काय, आमच्या सलूनमध्ये तर्कांना ऊत आला. माझ्यावर बसलेला प्रत्येक माणूस तोंडाला फेस लागेपर्यंत डिटेक्टिव्ह व्हायचा. एक म्हणाला, तो मिलिटरीत शिकलेला आहे, म्हणून पाऊल वाजत नाही. दुसरा म्हणाला, डॉक्टर असणार. तिसऱ्याच्या मते ते जुळे भाऊ होते, एक खून करतो तेव्हा दुसरा चारचौघांत दिसतो. मोबाईलचं दुकान चालवणारा रामहरी तर रोज नवी बातमी आणायचा.

"तुमाला सांगतो, लई डोक्याचा मानूस हाय," तो म्हणायचा. "पोलीस एक पाऊल टाकत्यात, त्यो तवर धा पावलं फुडं असतोय."

ऐकणारे माना डोलवायचे. हळूहळू लोक त्या माणसाबद्दल कौतुकानेच बोलू लागले, आणि मला त्याचा राग यायचा. म्हाताऱ्या बाईला मारायला कसलं आलंय डोकं?

मग एका सोमवारी रंगुबाई गेली. सकाळी तिने बाजाराला निघालेल्या सुनेला नातवासाठी शेव आणायला सांगितली होती. घरची माणसं परत आली तेव्हा ती ओट्यावर पडलेली होती. त्या आठवड्यात चाचांनी रेडिओ लावला नाही. ती लहान मुलांची फळी पुसायला घेतली की त्यांचे डोळे भरून यायचे.

दोनच दिवसांनी रामहरी दाढीला बसला. चाचांनी त्याच्या एका गालावरचा फेस काढला होता, दुसऱ्या गालावर तसाच होता. एकदम तो ताठ झाला.

"चाचा, आपन इचारच उलटा केला! एवढं डोकं ह्या गावात कुनाला हाय? एकटं कोन ऱ्हातं? आन् सोमवारी बाजाराला बी न जाता कुनाच्या दाराला दुपारभर कुलूप असतं?"

चाचांचा वस्तरा हवेतच थांबला.

"कुनाच्या?" त्यांनी हळूच विचारलं.

"समोरच्या सरांच्या! दुसरं कोन?"

चाचा काहीतरी बोलतील म्हणून मी वाट पाहिली. पण त्यांनी उरलेला गाल करून दिला आणि डागावरचा टॉवेल सारखा केला. मला बोलता येत नाही याचं इतकं वाईट मला कधीच वाटलं नव्हतं.

रामहरीने आपला शोध गावच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या फाटकाशी गर्दी जमली. ज्यांना सरांनी पाढे शिकवले तेच लोक ओरडत होते. एक दगड गेला आणि खिडकीची काच फुटली. तेवढ्यात पोलिसांची जीप आली. फौजदार राजेश्वरी मॅडम खाली उतरल्या. उघड्या शटरमधून मला सगळं दिसत होतं.

"सर, सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत कुठे होतात?" मॅडमनी विचारलं.

सरांनी एकदा आमच्या सलूनकडे पाहिलं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर त्यांच्या मिशा गेल्या असत्या आणि मित्राचं अध्यक्षपदही गेलं असतं.

"ते मला सांगता येणार नाही," सर म्हणाले.

गर्दी खवळली. "आता तरी पटलं का?" असं म्हणत रामहरी सगळ्यांकडे बघू लागला. दोन माणसं फाटकावर चढली. आणि तेव्हा, मित्रांनो, माझ्या चाचांनी हातातली कात्री ठेवली. बाकावर बसलेल्या दोघांना त्यांनी हाक मारली आणि मला उचलून थेट रस्त्यावर आणलं, सगळ्यांच्या मधोमध. मग डाव्या हातावरचा टॉवेल काढून फेकला.

"ह्यो डाग बघा!" चाचा ओरडले. "कलपाचा हाय. दर सोमवारी सर माज्या दुकानात असत्यात, ह्या खुर्चीवर. मिशा काळ्या करायला. मी संघटनेचा अध्यक्ष, आन् मीच सोमवारी दुकान उघडतो. काय दंड करायचा त्यो करा, पन त्या मानसाला हात लावू नका."

फाटकावर चढलेले दोघं खाली उतरले. मॅडम जवळ आल्या. त्यांनी माझा हात नीट पाहिला आणि विचारलं, "चाचा, तुम्ही त्यांचे मित्र. तुमच्याशिवाय कुणी पाहिलंय?"

"शॅरननं," चाचा म्हणाले. "त्या सोमवारी भर दुपारी तिचा व्हिडिओ कॉल आला हुता. पोरगी लई हसली."

मॅडमनी तिथूनच शॅरनला फोन लावला. तिने वडिलांचा तो अवतार गंमत म्हणून मोबाईलमध्ये जपून ठेवला होता. फोटो आला. गळ्याभोवती पांढरं कापड, ओठांवर कलपाचा जाड लेप, रागावलेले डोळे, आणि त्यांच्या डोक्यामागे माझी लाल उशी! फोटोवर तारीख आणि वेळ दोन्ही होत्या. माझा तो एकुलता एक फोटो आज पोलिसांच्या फाइलमध्ये आहे. आमदारांची खुर्ची असेल मोठी, पण निरपराध माणसाच्या बाजूने साक्ष तिने कधी दिली आहे का?

मॅडम मोबाईल खिशात ठेवून गर्दीकडे वळल्या. "तुम्ही हुशार माणूस शोधताय," त्या म्हणाल्या. "सोमवारी सगळी वस्ती बाजाराला जाते आणि म्हातारं माणूस एकटं मागे राहतं. हे कळायला कसली हुशारी लागते? ते त्याला कळलं, आपल्याला कळलं नाही."

संध्याकाळी रामहरी स्वतः काच घेऊन आला आणि सरांच्या खिडकीला बसवून गेला.

चाचांनी दंड भरला आणि अध्यक्षपद सोडलं. पुढच्याच बैठकीत लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिलं, ते सोडा. खुनी मात्र अजून सापडलेला नाही. कदाचित तो कधीतरी माझ्यावरही बसून गेला असेल. एकदा गळ्याभोवती कापड बांधलं की सगळी माणसं सारखीच दिसतात, मला काही ओळखता येत नाही. पण आता सोमवारी प्रत्येक वस्तीवर कुणीतरी घरी थांबतं आणि म्हाताऱ्या माणसांजवळ बसतं. तेव्हापासून आमच्या शिवारात तसं काही घडलं नाही. रंगुबाईचा नातू आता वडिलांबरोबर येतो, रडत नाही, आणि चाचा त्याला गुळाचा खडा देतात.

मित्रांनो, माझा स्क्रू हल्ली कुरकुरतो, त्यात थोडं तेल घाला. सीट फाटली आहे, ती शिवा. आणि माझ्यावर बसून कुणाचं नाव घेण्याआधी जरा थांबा. गेल्या महिन्यात नगरचा एक कारागीर मला दुरुस्त करायला आला होता. माझा डावा हात पाहून तो म्हणाला, "चाचा, ह्यो पार खराब झालाय, नवीन बसवू का?"

बाकावर योसेफ सर बसले होते, पांढऱ्याशुभ्र मिशांनिशी. चाचा बोलायच्या आत तेच उठले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "हिचं बाकी काय बदलायचं ते बदल. हा हात तेवढा राहू दे."

आता त्या डागावर टॉवेल नसतो.