आवळलेली काजं

"काका, यात मूळ कापड कुठलं नि ठिगळ कुठलं, ते आता तुम्हीच सांगा," लंबू म्हणाला आणि खाटेवरचा सदरा त्याने उजेडात धरला.

लष्करी इस्पितळातले शिंपीकाका हसले नाहीत. हा सदरा त्यांच्या हाताखालून तिसऱ्यांदा जात होता. आधी खांद्यावर भोक, मग बरगडीपाशी, आता मनगटाजवळ. दर वेळी डॉक्टर लंबूला शिवत, काका सदरा शिवत, आणि माणूस नि सदरा बरोबरच आघाडीवर परत जात.

इस्पितळाची एक रीत होती. मोठ्या डॉक्टरांसमोर ज्याला आपल्या हातांनी सगळी बटणं लावता येतील, तो लढायला तंदुरुस्त. या खेपेला लंबूची दोन बोटं वळत नव्हती. तरी काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरगं हट्टी, वेळ पडली तर दातांनी लावील, पण लावील. म्हणून सकाळी दार लोटून घेऊन त्यांनी सदऱ्याचं एकूणएक काज टाके घालून आवळून टाकलं होतं. उभ्या जन्मात मुद्दाम वाईट काम त्यांनी पहिल्यांदाच केलं, आणि हात काही राजी नव्हते.

मोठे डॉक्टर आले. लंबूने गळ्याचं बटण धरलं. ते काजाशी जाई आणि निसटे. त्याच्या कपाळावर घाम आला. शेजारच्या खाटांवरची माणसं भिंतीकडे बघू लागली.

डॉक्टरांनी डोळे चोळले. वरून माणसं मागताहेत, माझ्या हातात काय आहे, असं ते सकाळपासून ज्याला त्याला सांगत होते. ते काकांकडे वळले. "तुम्ही लावून द्या हो. लागली की झालं."

आपल्याला ऐकूच आलं नाही, असं काकांनी दाखवून पाहिलं. तेही धड जमलं नाही.

लंबू त्यांच्या कानाशी वाकला. "तुमचा टाका ओळखतो मी," तो हळूच म्हणाला. "लावा काका. उगाच तुमच्यावर यायचं."

काकांनी बटणं लावली. प्रत्येकाला अंगठ्याचा जोर द्यावा लागला. शेवटी, सवयीने, त्यांनी त्याची कॉलरही सरळ केली.

त्यानंतर जखमींच्या कपड्यांचं गाठोडं आलं, की काका आधी काजं चाचपायचे, आपण आवळलेली तर नाहीत ना ते बघायला. ढिली लागली, की पुढचा सदरा.