पाऊण जीबीचा आळ

मी एक मदरबोर्ड बोलतोय. खरं तर बोलायची वेळ होती तेव्हा मी भलतंच बोललो, आणि आता बोलून फारसा उपयोग नाही. पण ही लाज पोटात घेऊन भंगारात जाण्यापेक्षा तुम्हाला सांगून गेलेलं बरं.

दुकानदार आम्हाला नुसतं 'मदर' म्हणतात. प्रोसेसर, मेमरी, सगळे माझ्याच अंगाखांद्यावर बसतात. त्यांच्यातली ये-जा ज्या वाटेनं चालते तिला बस म्हणतात, आणि त्या वाटेवरचा हवालदार म्हणजे माझा चिपसेट. कुणी किती वेगानं जायचं ते तो ठरवतो. जालना रोडवर ऐंशीनं पळणारी गाडी गुलमंडीच्या बाजारात शिरली की हातगाडीच्या मागंमागंच सरकते ना, तसंच माझ्याकडं आहे.

२००८ साली शहागंजात कॉम्प्युटरचं दुकान असलेल्या कय्युमभाईंनी मला करुणाताईसाठी निवडलं. ताई टीव्ही सेंटर भागातल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका आणि जयंतीचे बॅनर करायची. तेव्हा मी चपळ होतो, थोडा मिजासखोरही होतो. काही बिघडलं की कय्युमभाई यायचे आणि ताई चहा टाकायची. पंधरा वर्षं हे असंच चाललं.

मग फायली फुगत गेल्या. मोठा बॅनर उघडायला सांगून ताई कुकर लावून परत यायची, तरी माझं आपलं चालूच असायचं. तिचा धाकटा भाऊ कृष्णा म्हणाला, मेमरी वाढव. कय्युमभाईंनी दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या आणल्या आणि माझ्या खाचांत बसवल्या. चपखल बसल्या. बसतंय म्हणजे चालतंय, असं सगळ्यांनीच धरलं.

संध्याकाळी कृष्णानं मशीन चालू केलं. सुरू होताना स्क्रीनवर जो आकडा येतो तो मीच लिहितो. पट्ट्यांवर छापलं होतं चार जीबी, वेग आठशे. मी लिहिलं तीन पॉइंट दोन जीबी, वेग पाचशे तेहतीस.

मी खोटं लिहिलं नव्हतं. माझ्या चिपसेटची मोजणीच तेवढ्यावर संपते आणि बसही त्याहून जोरात धावत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. इथं आडात भरपूर होतं, पोहराच लहान होता. पण मला जेवढं दिसतं तेवढंच आहे असं मी ठणकावून लिहून दिलं, आणि माणसं यंत्राच्या लिहिण्यावर फार लवकर विश्वास ठेवतात.

दुसऱ्या दिवशी कय्युमभाईंना बोलावलं. त्यांनी पेटी उघडली, पट्ट्या काढून दाखवल्या, पुन्हा लावल्या. माल बरोबर आहे, मदर जुनी आहे, तिला एवढंच दिसतं, असं ते सांगत राहिले. कृष्णा म्हणाला, स्टिकर काय कुणीबी चिकटवतं, पाऊण जीबी गेलं कुठं ते सांगा.

"भाई," ताई म्हणाली, "तुमच्याकडून असं वाटलं नव्हतं."

कय्युमभाईंनी स्क्रू घट्ट केले आणि निघून गेले. चहा झाला नाही.

कृष्णाचं तोंड काही बंद राहिलं नाही. ज्या दोन शाळांच्या प्रश्नपत्रिका ताई करायची, तिथले कॉम्प्युटरही कय्युमभाईच बघायचे. तिथं ही गोष्ट पोचली आणि शाळांनी दुसरा माणूस धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. मी रोज सकाळी तोच आकडा लिहीत होतो. रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

सातेक महिन्यांनी कृष्णानं वाळूजच्या एका कारखान्यातून निकालात काढलेलं मशीन आणलं. त्यातली मदर माझ्याहून चार वर्षांनी धाकटी. त्यानं माझ्यातल्या पट्ट्या काढून तिच्यात घातल्या. तिनं लिहिलं चार जीबी, आठशे. कृष्णानं तीनदा बंद-चालू करून पाहिलं. आकडा हलला नाही.

ताईनं फोन उचलला, खाली ठेवला. मग मला पिशवीत घातलं आणि शहागंज गाठलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांच्यासमोरच ती म्हणाली, माल खरा होता तुमचा, चूक माझी झाली, शाळांनाही मी स्वतः जाऊन सांगते. कय्युमभाईंनी तिला स्टूल दिलं. जुन्या मदरला एवढंच दिसतं हे आपणही पट्ट्या लावण्याआधी सांगायला हवं होतं, म्हणाले. एवढ्यावर मिटलं असं मला वाटलं.

"बोललेलं मी कवाच विसरलो, ताई," ते हळू आवाजात म्हणाले. "पण त्या दिवशी मी पेटी उघडली, तवा तू उठून माझ्या हाताकडं बघत उभी राह्यली. पंधरा वर्षांत पहिल्यांदा. ते लई लागलं."

पिशवी तिथंच ठेवून ताई उठली आणि डोळे पुसत बाहेर पडली.

तुमच्याकडं माझ्यासारखा कुणी म्हातारा असेल तर त्याचा आकडा जरूर वाचा. पण त्या आकड्यावरून माणसाला तोलू नका, एवढंच माझं मागणं.

ती गेल्यावर कय्युमभाईंनी मला पिशवीतून काढलं, धूळ फुंकली, एक जीबीची जुनी पट्टी लावून वीज दिली. मी एक जीबीच लिहिलं. अगदी बरोबर. पण ते वाचायला ताई तिथं नव्हती.