सुतळीच्या गाठी

वलीमियाँ गेल्याची बातमी कळंबला आली ती भर बाजाराच्या दिवशी. सोलापूरच्या गाडीचा कंडक्टर खाली उतरला, टपावरचं सामान काढायच्या आधी वीरप्पाच्या हॉटेलात शिरला आणि म्हणाला, "तुमचा बाजेवाला गेला. दवाखान्यातच. पहाटं."

बाजार काही थांबला नाही. बाजार कुणासाठी थांबत नाही. पण दर बाजारी संध्याकाळी वलीमियाँच्या दुकानापुढं बसणारी माणसं हातातलं टाकून तिथं जमली. मेंढरांचा धनी सिदू लोकरीची गाठोडी तशीच सोडून आला. आडतीवर मापाडी असलेला माणिकप्पा हातात माप घेऊनच आला आणि बंद दारासमोर ते धरून उभा राहिला.

दुकान रेडिओ दुरुस्तीचं होतं. वलीमियाँ निजामाच्या काळात हैदराबादला बिनतारीचं काम शिकले होते. रेडिओजवळ हात नेला की कधीकधी तो किंचाळतो. सगळे त्या आवाजाला वैतागतात, वलीमियाँनी त्याला धरून ठेवलं. जुन्या रेडिओंचे दिवे, तारा आणि ट्रकची बॅटरी जोडून त्यांनी एक पेटी केली. पेटीला हात लावायचा नाही. तिच्या दांडीपासून हात लांब-जवळ न्यायचा, की कर्ण्यातून सूर निघायचा. असला बाजा कुणी पाहिलेला नव्हता आणि त्यावरच्या चाली त्यांच्या स्वतःच्या होत्या.

"माझी मेंढरंसुदीक उभी राहायची ऐकाया," सिदू डोळे पुसत म्हणाला.

"तुझी मेंढरं माझ्या केळाच्या सालींसाठी उभी राहायची," वीरप्पा म्हणाला. त्याचाही आवाज धड नव्हता.

माणिकप्पानं हातातलं माप उंबऱ्यावर ठेवलं. त्याचं घर दुकानाच्या बरोबर समोर. त्याची बायको सिताबाई वर्षभर खाटेवर होती, मागच्या उन्हाळ्यात गेली. ती एकदा वलीमियाँच्या बायकोला, फरिदाभाभींना म्हणाली होती, "तुमच्या मालकाचा बाजा माझ्या माहेरच्या मोटेवानी कुरकुरतोय." भाभींनी ते घरात सांगितलं आणि वलीमियाँनी त्यावरून चाल बांधली. आधी चाकाची कुरकुर, मग मोट वर येताना ताणत गेलेला सूर आणि शेवटी पाणी थारोळ्यात पडतं तसा मोकळा आवाज. गावानं त्या चालीला 'मोट' म्हटलं. ती सुरू झाली की सिताबाई म्हणायची, "दार उघडं टाका वो." ती गेल्यावरही वलीमियाँ दर बाजारी ती वाजवायचे आणि माणिकप्पा घराचं दार उघडं टाकायचा.

दफन झालं. तिसऱ्या दिवशी जियारतीला, दुवा मागायला माणसं येणार, दुकान झाडायला हवं होतं. भाभी इद्दतीत, नवऱ्यामागं पाळायच्या चार महिने दहा दिवसांच्या एकांतात बसल्या होत्या. त्या आतल्या खोलीत आणि मधे पडदा. माणिकप्पा म्हणाला, "मी करतो." सिताबाई गेली तेव्हा त्याला काय करावं ते सुचलं नव्हतं. आता निदान हाताला काम होतं.

त्यानं मन लावून काम केलं. पेटी रॉकेलच्या फडक्यानं पुसली. सूर लावायच्या खुंट्यांच्या कडेला लाखेचे थेंब सांडून वाळले होते, ते खिळ्यानं खरडून काढले. पुसताना खुंट्या फिरत होत्या, त्याही सगळ्या बाजूंनी लख्ख केल्या. दांडीपासून भिंतीतल्या खिळ्यापर्यंत एक काळी, तेलकट, गाठीगाठीची सुतळी ताणलेली होती. ती काढून त्यानं तिथं झेंडूचा हार बांधला.

"पेटी नवरीवानी केली की रं," वीरप्पा म्हणाला. माणिकप्पाला त्या दिवशी बरं वाटलं.

आडतीवरचा माणूस सुतळी टाकत नाही. ती त्याच्या खिशात गेली. दुसऱ्या दिवशी ज्वारीचं एक पोतं शिवताना सुतळी कमी पडली. खिशातली काढली, तर गाठींमुळं दाभणातून जाईना. माणिकप्पा पोत्यावर बसला आणि नखानं, दातानं एकेक गाठ सोडवत गेला. गाठी फार घट्ट होत्या. कुणी बांधल्या असतील एवढ्या निगुतीनं, असंही त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्यानं पोत्याचं तोंड शिवलं आणि पोतं बार्शीच्या ट्रकवर चढलं.

चाळिसावा झाला. दुसऱ्या दिवशी भाभींनी सगळ्यांना बोलावलं. वलीमियाँचा भाऊ मुनवर येडशीहून आलेला होताच.

"भाभी, आत्ताच बाजा? लोग काय म्हणतील?" मुनवर म्हणाला.

"लोकांचं जाऊ दे. एकदाच," पडद्यामागून भाभी बोलल्या. "माणिकभाऊ आलेत का?"

"आलोय, भाभी."

"मोट वाजवायची हाय. तुमच्यासाठी."

मुनवरनं बॅटरी जोडली. पेटी अशी किंचाळली की सिदूनं कान झाकले.

"तसं न्हाय," भाभी म्हणाल्या. "दवाखान्यात जाताना त्यांनी मला सांगून ठेवलंय. आधी खुंट्या लाखेच्या थेंबावर आण. मग सुतळीवरल्या गाठींवरून हात ने. पहिली गाठ, मग दुसरी. शिकल्याबिगरबी वाजती म्हणले. सगळी मोट त्या सुतळीत हाय."

मुनवर पेटीवर वाकला. "भाभी, लाख कुठंच न्हाय. सुतळी पण न्हाय. हार हाय."

वीरप्पानं मान वळवली. "झाडलं तर तू होतंस, माणिकप्पा. तुला दिसली का रं सुतळी?"

माणिकप्पाच्या दाताला तेलकट सुतळीची चव आली.

"न्हाय," तो म्हणाला. "मला न्हाय दिसली."

"मग म्याच," भाभी म्हणाल्या. "बातमी आली तवा मी त्या पेटीवरच पडले होते. माझ्याच पदरात अडकून गेली असंल. त्यांनी एकच चीज माझ्या हवाली केली होती." मग त्यांचा आवाज लहान झाला. "माणिकभाऊ, सिताबाईची चाल म्या घालवली. मला माफ करा."

"न्हाय वहिनी, तुमचं काय चुकलं," सिदू म्हणाला. ते माणिकप्पानं म्हणायला हवं होतं.

त्यानंतर माणिकप्पानं नवी सुतळी घेऊन तिला गाठी मारून पाहिल्या. चाल त्याला डोक्यात येत होती, पण कुठली गाठ कुठं होती हे त्याच्या हाताला ठाऊक नव्हतं. हाताला फक्त सोडवणं ठाऊक होतं. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी तो आता घराचं दार लावून घेतो.

इद्दत संपली. भाभी दुपारच्या दाराशी बसू लागल्या. तो समोरून आडतीवर निघाला की म्हणतात, "भाऊ, अजून राग हाय ना तुमचा?" तो मान हलवतो, "न्हाय, भाभी," म्हणतो आणि पुढं जातो. बार्शीला गेलेलं पोतं कुठल्या तरी घरात कधीच फोडलं गेलं असेल. भाभींना खरं काय ते सांगायचं अजून राहिलं आहे.